एकट्याने बोर्डगेम खेळायचे तर पहिला कुठला घ्यावा?

भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जुळे सोलापुरात राहतात, बँकेत नोकरी, घरात कॅटानची पेटी आहे पण ज्यांच्यासोबत खेळायचे ते तिघंही पुण्याला गेले, बायकोला आवड नाही, मुलगी नऊ वर्षांची, रात्री साडेनऊनंतर तास-सव्वा तास मिळतो, बजेट पाच हजार, आणि सोलो, म्हणजे एकट्याने खेळायच्या गेमच्या याद्या बघून बघून डोकं भंजाळलंय कारण प्रत्येक यादीत पहिला नंबर वेगळाच. शेवटी असंही विचारलंय की एकट्याने खेळण्यात खरंच मजा असते का.

आधी त्या शेवटच्या शंकेचं सांगतो. मजा असते, भरपूर असते. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये शिफ्टला असतो, माझी सुट्टी आणि दोस्तांची सुट्टी कधी जुळतच नाही त्यामुळे बरीच वर्षं मी मुख्यतः एकट्यानेच खेळतोय, घरी कुणी आलं की "एकटाच काय करालास बे" हे ठरलेलं, पण पत्त्यांचा पेशन्स लावत बसणारं माणूस प्रत्येक घरात होतंच की, ब्रेनव्हिटाच्या गोट्या आपण सगळ्यांनी एकट्यानेच उड्या मारून संपवल्यात. चांगला सोलो गेम तासभर तुमचं सगळं लक्ष मागतो, फोन आपोआप बाजूला पडतो, आणि दुसऱ्याची चाल होईपर्यंत वाट बघायची नसते. एवढं पुरे, आता निवडीकडे येतो.

यादीत नंबर कितवा हे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो की या गेममध्ये माझ्यासमोर उभं कोण राहतंय. चौघांत खेळताना समोर माणसं असतात, ती अडवतात, कॅटानमध्ये रस्ता तोडतात, तुमची विटांची जागा घेतात. एकट्याने खेळताना ते काम कुणीतरी करायला लागतं, आणि प्रत्येक गेम ते वेगळ्या पद्धतीने करतो. कुणाला एक प्रकार आवडतो, कुणाला दुसरा, आणि याद्यांमध्ये हे सगळे प्रकार एकत्र कालवलेले असतात म्हणून डोकं फिरतं. तुम्हाला कशाशी झुंजायला आवडतं हे कळलं की निम्मी यादी आपोआप गळते.

पहिला प्रकार म्हणजे समोर फक्त आकडा. तुम्ही खेळता, शेवटी गुण मोजता, मागच्या वेळपेक्षा जास्त आले का बघता. रँडी फ्लिनचा कॅस्केडिया हे याचं गोड उदाहरण, २०२१ चा गेम, २०२२ चं जर्मनीतलं श्पील देस यारेस बक्षीस त्याला मिळालंय. षटकोनी टाइल आणि प्राण्याचं टोकन अशी जोडी उचलायची आणि आपलं जंगल वाढवायचं, अस्वलांना जोडीने राहायला आवडतं, ससाणे एकमेकांपासून लांब हवेत, सालमन मासे ओळीने वाहायला हवेत, असे प्रत्येकाचे हट्ट, आणि हे सगळे हट्ट एकाच नकाशावर पुरवायचे. वीस चाली, खेळ खलास, अर्धा तास. सोलोत प्रत्येक चालीनंतर मांडलेल्या चारांपैकी एक जोडी निघून जाते, त्यामुळे "पुढच्या वेळी घेऊ" म्हणून ठेवलेली टाइल कधीकधी डोळ्यांदेखत जाते. सोबत टार्गेट दिलेले सिनारिओ पण आहेत, त्यामुळे नुसता स्वतःचा रेकॉर्ड मोडत बसावं लागत नाही. ज्यांना दिवसभराच्या कामानंतर डोकं शांत करायचंय त्यांना हा प्रकार फार आवडतो, ज्यांना "हरलो" किंवा "जिंकलो" असं स्पष्ट ऐकायचंय ते थोड्या दिवसांत कंटाळतात. अग्रिकोला या शेतीच्या गेमने २००७ मध्येच यावर एक तोड काढली होती, सोलोत शेतावरच्या मोठ्या माणसाला दोनऐवजी तीन अन्न लागतं आणि एकापाठोपाठ डाव खेळायचे, पहिल्याला ५० गुण गाठायचे आणि मग प्रत्येक डावाला टार्गेट चढत जातं. आकडाच, पण धाप लागते.

दुसऱ्या प्रकारात समोर घड्याळ असतं. म्हणजे खरं घड्याळ नव्हे, गठ्ठा संपतोय, फेऱ्या संपतायत, काहीतरी खाली सरकतंय. टेराफॉर्मिंग मार्समध्ये, २०१६ चा गेम, एकट्याला १४ पिढ्यांमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये, मंगळाचं तापमान, ऑक्सिजन आणि समुद्र तिन्ही पूर्ण करायचे, एक समुद्र राहिला तरी हार. शादी तोर्बेचा ओनिरिम पत्त्यांचा छोटा गेम, गठ्ठा संपायच्या आत आठ दारं शोधायची, एका रंगाची तीन कार्डं लागोपाठ लावली की एक दार मिळतं पण लगतच्या दोन कार्डांवर एकच चिन्ह चालत नाही, आणि मधूनच दुःस्वप्नाचं कार्ड येतं तेव्हा हातातली किल्ली द्या, नाहीतर मिळालेलं दार सोडा, नाहीतर सगळा हात फेका, नाहीतर गठ्ठ्यातली वरची पाच कार्डं घालवा. छान गेम आहे, पंधरा-वीस मिनिटांत होतो, फक्त एक सांगून ठेवतो की यात गठ्ठा सारखा पिसायला लागतो, दार मिळालं की पिसा, पुन्हा मिळालं की पिसा, काहींना ते सोसत नाही.

याच प्रकारातले दोन गेम मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो, म्हणून त्यांच्यावर थोडं जास्त बोलतो.

फ्रायडे, फ्रीडेमान फ्रीझे नावाच्या जर्मन माणसाचा, २०११ चा, फक्त एकट्यासाठीच बनवलेला. रॉबिन्सन क्रूसो बेटावर येऊन पडलाय, तुम्ही फ्रायडे, त्याला जगायला शिकवायचं. सुरुवातीला रॉबिन्सन म्हणजे गठ्ठ्यातली अगदी कुचकामी कार्डं, शून्य, एक, काही तर उणे. संकट येतं, त्यावर लिहिलेली तेवढी कार्डं फुकट उलटायची, जास्त हवी तर प्रत्येक कार्डाला एक जीव द्यायचा, तुमच्याकडे सुरुवातीला जीव २०. जिंकलात तर ते संकटाचं कार्ड उलटून कौशल्य म्हणून तुमच्या गठ्ठ्यात येतं. आणि हरलात तर जेवढ्याने कमी पडलात तेवढे जीव जातात, पण त्याच्या बदल्यात नुकती खेळलेली तेवढी वाईट कार्डं कायमची काढून टाकता येतात. इथेच गेमचा जीव आहे. नवीन माणूस प्रत्येक लढाई जिंकायला जातो, जीव ओतून ओतून जिंकतो, आणि शेवटी लढायला येणाऱ्या चाच्यांसमोर त्याच्या गठ्ठ्यात अजून तोच कचरा भरलेला असतो. सुरुवातीच्या सोप्या फेरीत मुद्दाम हरून कचरा साफ करायचा असतो, कुठल्या लढाईत किती हरायचं हे मोजून. आणि गठ्ठा संपून परत पिसताना दर वेळी म्हातारपणाचं एक कार्ड आत जातं, त्यामुळे फार साफसफाई केली, गठ्ठा फार बारीक झाला, की तो पटापट संपतो आणि म्हातारपण पटापट येतं. एवढ्याशा पेटीत एवढा विचार भरलाय, आणि मांडायला दोन मिनिटं लागत नाहीत.

दुसरा अंडर फॉलिंग स्काईज, चेक डिझायनर टोमाश उहलीर्झ, २०२० मध्ये आला. वरून परग्रहावरची जहाजं तुमच्या शहरावर उतरतायत, खाली तुमचा जमिनीतला तळ, पाच उभे रकाने, पाच फासे. प्रत्येक रकान्यात एकच फासा ठेवायचा. मोठा आकडा ठेवला तर तिथलं काम जोरात होतं, संशोधन पुढे जातं, वीज जास्त मिळते, पण त्याच रकान्यातलं जहाज तेवढीच घरं खाली येतं. म्हणजे प्रत्येक सहा हा आनंद पण आणि संकट पण. त्या पाचांतले दोन फासे पांढरे, पांढरा ठेवला की उरलेले सगळे फासे परत टाकायचे, म्हणजे तुमचा सगळा आखलेला बेत कधी मोडायचा हे पण तुम्हीच ठरवायचं. नशीब आहे पण तुम्ही नशिबाशी व्यवहार करता, नशिबावर बसून राहत नाही. हरलो तरी मला नक्की सांगता येतं की तिसऱ्या फेरीत डावीकडच्या रकान्यात पाच ठेवला तिथे गेलो. माझी सोलो गेमची कसोटी हीच आहे, हरल्यावर कारण कळलं पाहिजे. कारण कळलं की लगेच परत मांडावंसं वाटतं, नाही कळलं की पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि तिथेच राहते.

तिसऱ्या प्रकारात समोर एक खोटा खेळाडू असतो, त्याला बऱ्याच गेममध्ये ऑटोमा म्हणतात. डेन्मार्कच्या मोर्टन मोनराड पेडरसनने व्हिटिकल्चर गेमसाठी हा पहिल्यांदा बनवला आणि मग सायथ, विंगस्पॅन वगैरेंमध्ये त्याच्या टीमचं काम दिसतं. कल्पना फार हुशार आहे, खरा खेळाडू जे जे करतो ते सगळं त्याला करायला लावायचं नाही, फक्त त्याच्या करण्याचा तुमच्यावर जो परिणाम होतो तेवढाच ठेवायचा. तो तुमची जागा अडवतो, तुम्हाला हवं ते कार्ड उचलतो, पण त्याच्या घरात काय चाललंय याचा हिशोब नसतो. एक कार्ड उलटलं, लिहिलंय ते केलं, झाली त्याची चाल. तरीपण तो चालवायचं काम तुमच्यावरच असतं हे लक्षात ठेवा, आणि काही गेममध्ये, ज्यांचे ऑटोमा नीट बनवलेले नाहीत, त्याची चाल करायला तुमच्या चालीपेक्षा जास्त वेळ जातो. नवीन गेम बघताना मी यूट्यूबवर सोलो प्लेथ्रू, म्हणजे कुणीतरी एकट्याने अख्खा डाव खेळतानाचा व्हिडिओ, लावतो आणि फक्त एवढंच बघतो की खेळणारा स्वतःचा विचार किती वेळ करतोय आणि खोट्या खेळाडूची सोंगटी सरकवण्यात किती वेळ घालवतोय. अर्ध्याहून जास्त वेळ दुसऱ्यात जात असेल तर तो गेम माझ्यासाठी नाही, मग त्याचा नंबर काहीही असो.

विंगस्पॅनचं नाव घेतलंच आहे तर सांगतो, एलिझाबेथ हारग्रेव्हचा २०१९ चा गेम, पक्ष्यांचा, चार फेऱ्या आणि चाली ८, ७, ६, ५ अशा कमी होत जाणाऱ्या. २०२२ मध्ये विंगस्पॅन एशिया आला, तो एकटा किंवा दोघांत मूळ पेटीशिवाय खेळता येतो आणि त्यात आपल्याकडचे पक्षी आहेत, मोर, कोकीळ, कावळा, आणि माळढोक. नान्नजच्या माळावर जाऊन माळढोक दिसावा म्हणून उन्हात ताटकळलेल्या सोलापूरकराला ते कार्ड हातात आल्यावर काय वाटतं हे मी वेगळं सांगायला नको. तुमच्या बजेटमध्ये बसत असेल तर हाच घ्या असं मला मनापासून सांगावंसं वाटतं, पण पहिला गेम म्हणून नाही, कारण पहिल्या दोन-तीन वेळा ऑटोमाचा कागद सारखा बघायला लागतो आणि तेवढ्यात नवीन माणसाचा धीर सुटतो.

चौथा प्रकार म्हणजे सगळ्यांनी मिळून गेमशीच लढायचं असे सहकारी गेम, ते एकट्याने खेळायचे. पँडेमिक हा बहुतेकांचा पहिला, मॅट लीकॉकचा, २००८ चा, जगभर रोग पसरतायत आणि नकाशावर दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई चारही आहेत. पेटीवर दोन ते चार खेळाडू लिहिलंय पण यात काही लपवायचं नसतं त्यामुळे दोन भूमिका दोन्ही तुम्हीच चालवल्या की मस्त चालतो, कुणाकडे असला तर मागून आणा आणि हा प्रकार जमतो का ते फुकटात बघा.

आणि या प्रकाराचा राजा म्हणजे स्पिरिट आयलंड, आर. एरिक रॉइस, २०१७. सोलोवाल्यांच्या मतदानात वर्षानुवर्षं अगदी वरच्या जागांवर असतो आणि माझ्या मते ते योग्यच आहे. बहुतेक गेममध्ये आपण बोटीतून उतरतो, वसाहत करतो, जमीन घेतो. इथे उलटं, तुम्ही त्या बेटाची दैवतं, नदी, वीज, सावली, जमीन, आणि गोरे वसाहतवाले तुमच्या बेटावर येतायत. त्यांचं वागणं ठरलेलं आहे, एखाद्या प्रकारच्या जमिनीवर आज शोधायला आले की पुढच्या फेरीत तिथे बांधणार आणि त्याच्या पुढच्या फेरीत उद्ध्वस्त करणार. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर कार्डांवर सरकत असतं. त्यामुळे संकट अचानक येत नाही, येताना दिसतं, आणि तुमच्याकडे सगळीकडे पुरेल एवढी ताकद कधीच नसते. त्यात तुमच्या शक्ती दोन तऱ्हेच्या, वेगवान त्यांच्या आधी लागतात आणि संथ त्यांच्या नंतर, म्हणजे संथ शक्तीने आज वाचवायला गेलात तर उशीर झालेला असतो, ती उद्यासाठी आजच टाकायची असते. हे एकदा डोक्यात बसलं की हा गेम जसा उलगडतो तसा दुसरा कुठला उलगडताना मी बघितला नाही. एकट्याने एकच स्पिरिट, म्हणजे एकच दैवत, घेऊन खेळलात तर तासाभरात होऊ शकतो, पण पहिले काही डाव दोन तासांचे धरा. नियम वजनदार आहेत. याचीच २०२२ ची होरायझन्स ऑफ स्पिरिट आयलंड ही लहान आवृत्ती आहे, नवीन लोकांसाठी सोप्या पाच स्पिरिट, तीनच खेळाडूंपर्यंत, ती मिळाली तर तिथून शिरणं जास्त सोपं.

अर्कहॅम हॉररच्या पत्त्यांच्या गेमबद्दल पण विचारणार असाल, २०१६ चा, कथा आवडणाऱ्यांसाठी उत्तम, पण तो एक पेटी घेऊन थांबायचा गेम नाही, पुढच्या पुढच्या कथेच्या पेट्या खुणावत राहतात, पाच हजारांचं बजेट असताना मी त्याकडे बघणार नाही. मेज नाईट, व्लाडा ख्वातिलचा २०११ चा, हा सोलोवाल्यांचं दुसरं दैवत, हातातल्या पाच कार्डांचं कोडं रोज नवीन, कुठलंही कार्ड आडवं ठेवून एक पाऊल किंवा एक वार म्हणून वापरता येतं ही कल्पना तर फारच सुंदर. पण तीन तास आणि मोठं टेबल हवं, शिवाय नियमांची दोन पुस्तकं. तुमच्या रात्रीच्या सव्वा तासात तो बसणार नाही, त्याला दोन वर्षांनी भेटा.

आता वेळेचं. पेटीवर लिहिलेली मिनिटं म्हणजे फक्त खेळायची मिनिटं, मांडायची आणि आवरायची त्यात नसतात. रोज एक अक्षता टाकायला अख्खा मांडव घालायचा आणि उतरवायचा असं व्हायला लागलं की महिन्याभरात माणूस थकतो. तुमच्याकडे सव्वा तास आहे, त्यात मांडणं-आवरणं दहा मिनिटांच्या आत बसलं पाहिजे, आणि नऊ वर्षांची मुलगी घरात असताना टेबलवर गेम रात्रभर तसाच ठेवून सकाळी परत बघू हे विसरा. टोकन्स वेगवेगळ्या झिपलॉक पिशव्यांत ठेवा, खेळताना स्टीलच्या छोट्या वाट्यांत ओता, निम्मा वेळ तिथेच वाचतो. मोठा ट्रे असेल तर अर्धा राहिलेला गेम ट्रेसकट कपाटावर ठेवता येतो, कॅस्केडियासारख्याला हे जमतं, स्पिरिट आयलंडला नाही.

आपल्याकडचा उन्हाळा पण हिशोबात धरा, हे पुण्या-मुंबईचे लोक सांगत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून बसता येत नाही आणि पंख्याखाली पातळ कार्डं टेबलवर थांबत नाहीत. बाहेरचे लोक हजारो रुपयांच्या रबरी मॅट घेतात, आपण सोलापुरी चादर चौघडी घालून टेबलवर टाकायची, त्यावर कार्ड सरकत नाही, नखाने उचलायला सोपं जातं, आणि फासे टाकल्याचा आवाज येत नाही त्यामुळे घरातले झोपलेले उठत नाहीत. फासे जास्त असतील तर जाड टर्किश टॉवेल अजून चांगला. हात घामेजतात म्हणून कार्डांना स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं, घालाच, फ्रायडेसारख्या गेममध्ये तर नक्की घाला कारण तीच कार्डं सारखी पिसली जातात. आणि जेवल्यावर शेंगाचटणीचे हात नीट धुऊन बसा, त्या तेलाचा डाग कार्डावरून जात नाही.

यादीचं आणि साइटचं सांगतो. बोर्डगेमगीक या साइटवर प्रत्येक गेमच्या पानावर सरासरी मार्क असतात, ते बऱ्याचदा इतरांसोबत खेळलेल्या लोकांनी दिलेले, तुमच्या फारसे कामाचे नाहीत. त्याच पानावर किती जणांत हा गेम कसा वाटतो याचं लोकांचं मतदान असतं, त्यात एक खेळाडूच्या ओळीत "सर्वोत्तम" आणि "चालेल" किती आणि "नको" किती ते बघा. दुसरं बघायचं ते वजन, एक ते पाच, म्हणजे गेम किती किचकट. तुमच्यासारख्याने सुरुवात अडीचच्या खाली करावी, ओनिरिम, फ्रायडे, कॅस्केडिया सगळे त्यात बसतात, स्पिरिट आयलंड चारच्या वर आहे. आणि सोलोवाल्यांची दरवर्षी निघणारी लोकप्रिय यादी जरूर बघा पण हे धरून बघा की त्यात मत देणारे लोक तीन तास बसणारे, शंभर पेट्या असणारे असतात, त्यांना जे सर्वात खोल वाटतं ते नवशिक्याला सर्वात जड वाटतं. क्राउडफंडिंगवर येणाऱ्या नवीन चकचकीत सोलो गेमच्या मागे सुरुवातीला लागू नका, पैसे आज जातात, पेटी यायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, वर शिपिंग आणि कस्टम, आणि तोपर्यंत तुमची आवड कुठल्या प्रकाराकडे वळली असेल सांगता येत नाही.

नवीन गेम घ्यायची हुक्की येते तेव्हा मी कपाटासमोर उभा राहतो आणि बघतो की हा माझ्याकडच्या कुठल्या गेमचं काम करणार. घड्याळाशी झुंजायला माझ्याकडे दोन उत्तम गेम असताना तिसरा तसाच घेतला तर तिघंही कमी खेळले जातात. त्यापेक्षा जो प्रकार कपाटात नाहीच तो आणला की खेळायच्या रात्री वाढतात. आणि एक गेम आणला की तो सलग खेळा, आठवडाभर तोच, रोज वेगळा काढलात तर कुठलाच आत उतरत नाही.

खेळताना दोन पथ्यं. एक, नियम चुकला तर सांगणारं समोर कुणी नसतं, म्हणून पहिला डाव फक्त शिकायचा धरा, जिंकण्या-हरण्याची नोंद करू नका, आणि तो झाल्यावर नियमपुस्तक परत पहिल्यापासून वाचा, दुसऱ्या वाचनात "अरे हे राहिलंच की" असं दोन-तीन ठिकाणी होतंच. दुसरं, चाल मागे घ्यायची की नाही हे आधी ठरवा. माझा नियम साधा आहे, नवीन कार्ड उलटलं नसेल, फासा टाकला नसेल तोपर्यंत चाल परत घेता येते, एकदा नवीन काही कळलं की नाही. एवढी शिस्त नसेल तर एकट्याने जिंकण्याला चव राहत नाही, कारण अडवणारे फक्त तुम्हीच. एक छोटी वही ठेवा, तारीख, गेम, निकाल आणि हरण्याचं कारण एका ओळीत, महिन्याभराने वाचलीत की तुम्ही कुठे सुधारताय ते स्वच्छ दिसतं.

आता तुमच्यासाठी नेमकं. पाच हजार एकाच मोठ्या पेटीत घालू नका. आधी फ्रायडे, शिवाय कॅस्केडिया, आणि उरलेल्यात स्लीव्ह. एक झुंज देणारा, एक शांत, दोन्ही लवकर मांडून होतात, आणि कॅस्केडिया मुलीसोबत पण खेळता येईल, नऊ वर्षांची पोरगी प्राण्यांचे ते हट्ट दोन डावांत शिकते, कदाचित बायकोही येऊन बसतील. आयात गेम आपल्याकडे मधेमधे संपतात, फ्रायडे मिळाला नाही तर अंडर फॉलिंग स्काईज, दोन्ही मिळाले नाहीत तर ओनिरिम. तीन-चार महिन्यांनी वही काढून बघा, जास्त पानं कुठल्या गेमची भरलीत, त्यावरून पुढचा ठरवा, झुंजीची भरली असतील तर होरायझन्स किंवा स्पिरिट आयलंड, शांततेची भरली असतील तर विंगस्पॅन एशिया. कॅटान विकू नका, तीन-चार जणांचाच गेम आहे तो, एकट्याने त्यात काही नाही, पण जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत घरी पाहुणे येतात तेव्हा तोच लागतो.

आणि पैसे घालायच्या आधी चव बघायची असेल तर अंडर फॉलिंग स्काईजचं मूळ रूप आहे, २०१९ मध्ये नऊ कार्डांच्या प्रिंट-अँड-प्ले, म्हणजे घरी छापून खेळायच्या गेमच्या स्पर्धेसाठी बनवलेलं, ते छापून घ्या. बटण शाय कंपनीचा स्प्रॉलोपोलिस पण असाच, फक्त १८ कार्डं, पीडीएफ विकत मिळते. कॉलेजच्या जवळच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रिंट साध्या कागदावर काढा, जाड कार्डशीटची गरज नाही, मात्र "फिट टू पेज" बंद करायला सांगा, नाहीतर मापं बदलतात, कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर यायला हवं. कात्रीपेक्षा स्टीलची पट्टी आणि कटर वापरा. मग प्रत्येक कागद एका स्लीव्हमध्ये आणि त्याच्यामागे पत्त्यांच्या जुन्या कॅटमधलं एक पान, ते पान त्याच पोकर मापाचं आहे ना तेवढं आधी बघून घ्या. कार्ड ताठ राहतं, फासे घरातल्या लुडोचे चालतात, पांढऱ्याच्या जागी वेगळ्या रंगाचे दोन घ्या, आणि जहाजांच्या जागी बटणं किंवा मोठे मणी. छापताना कुठे अडलं तर विचारा, सांगतो.